डोंगरकड्याची सायकल आणि खारे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. काळ्या रंगाची, उंच दांड्याची, मागे रुंद कॅरिअर असलेली. अशा सायकली तुम्ही पाहिल्या असतील. पण समुद्रात बुडून पुन्हा रस्त्याला लागलेली सायकल पाहिली नसेल. ती मी आहे.

माझे सुटे भाग खोक्यातून हिंगोलीला आले. तिथे जलालुद्दीन मिस्त्रींनी मला त्यांच्या दुकानात जोडले. चाकांच्या तारा ओढून बसवल्या, चाक फिरवून एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, "बराबर आहे. घेऊन जा." मला घेऊन गेले जळबा. ते डोंगरकडा गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात कामाला होते. कुठे बैलाला इंजेक्शन, कुठे म्हशीला मलमपट्टी. औषधाची पेटी कॅरिअरला बांधून आम्ही गावोगाव जात असू. आमच्याकडे रस्ता सपाट नाही. चढ संपला की उतार, उतार संपला की पुन्हा चढ. दोन्ही बाजूंना हळदीची शेते. चढावर जळबांचा श्वास वाजायचा, माझा मात्र कसलाच आवाज येत नसे.

सुट्टीच्या दिवशी पेटी उतरायची आणि कॅरिअरवर चांगुणाबाई बसायच्या. त्या जळबांच्या पत्नी. दोघांना सायकलवर फिरायची फार हौस होती. कधी जवळा बाजार, कधी औंढ्याचे डोंगर, कधी सिद्धेश्वर धरण. एकदा धरणाच्या पाण्याकडे पाहत चांगुणाबाई म्हणाल्या, "अवं, ह्याचा पल्याडचा काठ दिसून राहिला. समुद्राला पल्याड काठच न्हाई म्हंत्यात. आन् त्यात किल्ला उभा हाय म्हणं, चहूकडून पाणी!"

"जंजिरा," जळबा म्हणाले. "पेन्शनीत निघालो की जाऊ. ह्याच सायकलवर."

"डबलशीट?"

"मंग काय! चढावर तू उतरायचं."

त्या हसल्या. तेव्हापासून घरात जंजिऱ्याला जायचे ठरलेले होते.

माझे सगळीकडे कौतुक व्हायचे. "जळबाची सायकल कधी कुरकुरत न्हाई," असे लोक म्हणत. जळबा खुशीत येऊन माझ्या हँडलवर थाप मारत. "चीजच तशी हाय," म्हणत. त्या वेळी चांगुणाबाई काही बोलत नसत. दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या दिवशी पहाटे, जळबा झोपलेले असताना, त्या मला अंगणात उलटी करत. नारळाच्या काथ्याने चिखल काढत. कोंबडीच्या पिसाने चेनवर थेंब थेंब तेल सोडत आणि पायडल हाताने फिरवत. मी कुरकुरत नव्हते, त्याचे कारण एवढेच होते.

जळबा निवृत्त झाले. त्याच पावसाळ्यात चांगुणाबाई आजारी पडल्या आणि थंडी येण्याआधी गेल्या.

मला भिंतीला टेकवून ठेवले. चेन सुकली, टायरमधली हवा उतरली. जळबा ओट्यावर बसत आणि तिथेच संध्याकाळ करत. मुलगी पल्लवी नांदेडहून फोन करायची, तिलाही दोन शब्दांपलीकडे उत्तर मिळत नसे. मग एक दिवस त्यांचे जुने दोस्त जलालुद्दीन मिस्त्री आले.

"ऊठ," ते म्हणाले. "जंजिऱ्याला जायचं ना?"

"कुणासंगं जाऊ आता?"

"माझ्यासंगं. मला काय पाय नाहीत?"

"तुमाला गुडघं न्हाईत, जलालभाई."

"गुडघे घरी ठेवून येतो! तू चल तर."

त्यांनी मला दुकानात नेऊन दुरुस्त केले. आम्ही निघालो. जलालुद्दीन त्यांच्या सायकलवर, जळबा माझ्यावर. औंढा, जिंतूर, जालना, अहिल्यानगर. मराठवाड्याचे चढउतार मला ठाऊक होते, मी ते सहज काढले. पुण्याच्या पुढे ताम्हिणी घाट लागला. एवढा लांब उतार मी जन्मात पाहिला नव्हता. ब्रेकचे रबर तापून वास येऊ लागला, तरी मी जळबांना नीट खाली उतरवले. तो दिवस आठवला की अजून अभिमान वाटतो.

म्हसळ्यावरून आम्ही श्रीवर्धनला पोचलो. तिथून रस्ता किनाऱ्याला लागूनच जातो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. जळबांनी ब्रेक दाबून एक पाय टेकला. मग एवढेच म्हणाले, "खरंच की. काठ न्हाई."

दुपारी एका लहान गावाजवळ आम्ही थांबलो. ऊन तापले होते. आता ऐका, आमच्याकडे एक रीत आहे. उन्हाने ट्यूबची ठिगळे सुटतात, म्हणून दुपारी सायकल नदीच्या ओल्या वाळूत उभी करायची. टायर गार राहतात. जळबांनी मला समुद्राच्या ओल्या वाळूत नेऊन लावले. पाणी खूप मागे होते. आमच्या कयाधू नदीचे पाणी एकदा ओसरले की पुढच्या पावसापर्यंत तिकडेच राहते. समुद्रही तसाच वागेल असे दोघांना वाटले. जलालुद्दीन यांच्या सायकलचा स्टँड मोडका होता, म्हणून ती सुरूच्या झाडाला टेकवली. दोघे सावलीत झोपले.

पाणी आले. आधी टायरला लागले, मग पायडलला. मी आडवी झाले. वाळू चाकात शिरली, लाटा अंगावरून गेल्या. मला ओरडता येत नाही. घंटी आहे, पण ती वाजवायला अंगठा लागतो.

एक बाई धावत आल्या. त्यांचे नाव हुमेरा. शेजारच्या सुपारीच्या वाडीत त्यांचे घर होते. "अवो चाचा, उठा! भरती लागली! सायकल चाललीय ना!"

"म्हंजे? पाणी परत येतंय?" जळबा म्हणाले.

"रोजच येतं!" हुमेराबाईंनी कपाळाला हात लावला. "कुठून आलात तुम्ही?"

"हिंगोली," जलालुद्दीन म्हणाले आणि पाण्यात घुसले. मला ओढताना त्यांचा अंगठा तारांत सापडून चांगलाच कापला.

रात्री आम्ही हुमेराबाईंच्या पडवीत राहिलो. जळबांनी मला पंच्याने पुसले. "पाणीच तर हाय. वाळंल," म्हणाले. सकाळी माझी चेन विटकरी झाली होती आणि मागचे चाक हलत नव्हते.

"खारं पाणी आहे, चाचा," हुमेराबाई म्हणाल्या. "कालच गोड्या पाण्याने धुवायला हवी होती. इथं आम्ही खिडकीच्या कड्यासुद्धा धुतो."

तेवढ्यात पल्लवीचा फोन आला. सगळे ऐकून ती म्हणाली, "बाबा, ती सायकल तिथंच देऊन टाका कुणाला. तुमी बसनं या."

"व्हय," जळबा म्हणाले. फोन ठेवून त्यांनी पिशवी भरायला घेतली. मला कळले की आता मी इथे पडणार आणि ते परत त्या ओट्यावर जाऊन बसणार. दोन्ही एकच होते.

"कुठं निघाला?" जलालुद्दीन यांनी विचारले.

"घरला. सायकल गेली."

"कोण म्हणतं गेली? उघडायची, धुवायची, ग्रीस भरायचं. माझा अंगठा कामाचा नाही. तू कर."

"मला काय येतंय त्यातलं? माझी सायकल कधी बिघडतच न्हाई."

जलालुद्दीन यांनी हातातला पाना खाली ठेवला. "बिघडत नाही? अरे, भाभी तिला दर आठवड्याला उलटी करायची. माझ्या दुकानात येऊन शिकून गेली होती, तू नवाच होतास नोकरीला तेव्हा. तुला काहीच माहीत नाही?"

जळबांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "न्हाई," ते म्हणाले. "ती काहून बोलली न्हाई?"

"तू कधी विचारलं?"

विहिरीवर रहाटाचा आवाज येत होता. हुमेराबाईंनी न सांगता दोन बादल्या गोडे पाणी आणून ठेवले. जळबांनी पिशवी बाजूला ठेवली, खाली बसले आणि म्हणाले, "पाना द्या."

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचा हात लागला. थाप नव्हे, हात. त्यांनी चाक काढले, त्याचा आस काढला आणि आतले सगळे छर्रे, ते बारीक पोलादी गोळे, पडवीभर सांडले.

"गेले आता!" जळबा म्हणाले.

"भाभीचेही सांडले होते," जलालुद्दीन म्हणाले. "तिने मात्र एवढा आरडाओरडा नाही केला. वेच मुकाट्याने."

जळबा गुडघ्यांवर रांगत छर्रे वेचू लागले. वेचता वेचता हसले. मग रडले. छर्रे मात्र सगळे सापडले. चेन पाण्यात, मग रॉकेलमध्ये, मग तेलात. संध्याकाळी त्यांनी पायडल हाताने फिरवले. चाक फिरले. थोडे कुरकुरले, पण फिरले. पल्लवीला त्यांनीच फोन लावला. "मी बसनं येत न्हाई," म्हणाले, आणि मग बराच वेळ तिला छर्ऱ्यांचे सांगत बसले.

दिघीला आम्ही बोटीत चढलो, खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरलो आणि राजपुरीला गेलो. समोर जंजिरा होता. चहूकडून पाणी, मध्ये काळा तट. शेकडो वर्षे लाटा खाऊनही उभा. जलालुद्दीन पाहतच राहिले. जळबांनी मात्र गोडे पाणी मागून आणले, मला उलटी केले आणि पुसायला बसले.

"अरे, किल्ला बघ की! यासाठीच आलो ना?"

"किल्ला काय पळून चाललाय? आधी हिचं मीठ काढू द्या." त्यांनी तेलाचे थेंब सोडले, हात पुसले आणि मगच मान वर करून किल्ला पाहिला. खूप वेळ पाहिला.

मित्रांनो, मी अजून चालते. आता मला जळबा पुसतात, आणि चांगले पुसतात. तुमच्याही घरात काही गोष्टी कधीच कुरकुरत नसतील. दिवा लागतो, दार अडत नाही, चप्पल तुटलेली राहत नाही. ते आपोआप होत नाही. कुणीतरी तुम्ही झोपलेले असताना ते करत असते. ते कोण आहे, ते आजच पाहा. आणि ते माणूस घरात आहे तोवर, एकदा तरी त्याच्या शेजारी बसून म्हणा, "मला शिकवा."