बाबांचे साबण

बाबांच्या आधी त्यांचा गंध घरी पोचायचा. पंधरवड्यातल्या एका शनिवारी कापसाच्या वावरांवरचं ऊन पिवळं होऊन उतरू लागलं आणि शेवटच्या बसची धूळ रस्त्यावर बसली, की काही वेळानं नाल्याकडून वाऱ्याची एक झुळूक यायची. तिच्यात कधी चंदन असायचं, कधी लिंबू, तर कधी नावसुद्धा सांगता येऊ नये असं काहीतरी उग्र आणि अनोळखी. मग चढावर पावलं वाजायची, भरभर, एकमेकांवर रागावल्यासारखी. अंग पुसण्याइतका धीर त्या माणसाला कधी नव्हताच, त्यामुळे सदरा पाठीला चिकटलेला, केसांतून पाणी कपाळावर ओघळतंय आणि खांद्यावर पिळलेला टॉवेल, अशा अवस्थेत बाबा अंगणात येऊन उभे राहायचे आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहायचे. मी दाराची चौकट धरून उभी असायची.

बाबा मंचेरियलकडे कोळशाच्या खाणीत होते. माय आणि मी भीमपूरजवळच्या गावात, आजोबांच्या शेतावर राहत होतो. मधे उटनूरचं सारं जंगल आडवं पडलेलं, दोन बसा बदलून दिवस मोडायचा, म्हणून बाबा पंधरा दिवसांनीच यायचे. गावातली बाकीची माणसं जमिनीवर कष्ट करायची आणि आमचा एकटा माणूस जमिनीच्या पोटात शिरायचा, याचं गावाला अप्रूप होतं आणि थोडी भीतीही. खाली काय असतं, असं कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे की खाली रात्र असते, आणि विषय बदलायचे.

माझ्या जन्मानंतर दुसरा पोळा होता. मला तो आठवत नाही, मायनं सांगितलेलाच माझ्या डोळ्यांपुढे आहे. सणाला उशीर नको म्हणून बाबा खाणीतली पाळी संपताच अंगावरच्या कोळशानिशी निघाले आणि तसेच दारात येऊन त्यांनी मला उचललं. त्या काळ्या चेहऱ्यातले पांढरे डोळे पाहून मी अशी किंचाळले की बैल सजवणारी माणसं हातातलं काम टाकून धावत आली. मी मायच्या लुगड्यात तोंड खुपसलं ते बाबा परत जाईपर्यंत बाहेर काढलं नाही. त्या दिवसापासून नाल्यावर आंघोळ केल्याशिवाय त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नाही, आणि लेक ज्याला भिणार नाही असा स्वच्छ बाप आपल्यातून घडवणारा साबण शोधायचं त्यांनी मनावर घेतलं.

घेतलं म्हणजे किती घेतलं! मंचेरियल स्टेशनाजवळच्या दुकानात ते शिरले की दुकानदार कपाळाला हात लावायचा, असं त्यांच्याबरोबर जाऊन आलेले लोक सांगायचे. तेलुगूत 'सब्बू' मागायचा आणि मग एकेक वडी हातात घेऊन तिचं वजन जोखायचं, वेष्टनाच्या टोकाशी नाक नेऊन डोळे मिटायचे, परवानगी न विचारता नखानं कोपरा खरवडायचा, ही त्यांची रीत. नख सहज रुतलं तर साबण पाण्यात गळणार, भुगा पडला तर तो जुना. फार लवकर फेस देणाऱ्या साबणावर त्यांचा विश्वास नव्हता. अंग सुकल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटली तर त्यात सोडा जास्त आहे असा निकाल देऊन ते तो साबण धुण्याकडे लावायचे. केसांचं प्रकरण वेगळंच. कोळशाची भुकटी केसांच्या मुळाशी जाऊन बसते, तिला अंगाचा साबण चालत नाही, म्हणून शिकेकाईची काळपट वडी हवी. तीही कुठली चांगली, यावर ते बराच वेळ बोलू शकत. गावातल्या पानठेल्यावर बसणारे त्यांची टर उडवायचे, की गडी माणसाला कसला आलाय वास, हा तर नवरीसारखा साबण हुंगतो. बाबा त्यांच्याबरोबर हसायचे आणि पुढच्या खेपेला आणखी एक नवा साबण घेऊन यायचे.

मला वाटतं, त्या वर्षांत बाबांना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलंच नाही. अंगणातल्या बाजेवरसुद्धा ते असे टेकायचे, जणू कुणी हाक मारली तर लगेच उठायला हवं. बोलता बोलता त्यांचा अंगठा दुसऱ्या हाताच्या नखांच्या कडेवरून फिरत राहायचा. तिथे कोळशाची एक बारीक रेघ कायमची मुरली होती. डोळ्यांच्या पापण्यांतही तशीच रेघ होती, त्यामुळे त्यांनी काजळ घातल्यासारखं दिसायचं आणि त्यांचे डोळे फार सुंदर दिसायचे. त्यांना मात्र त्या रेघेचा राग होता. आरशात पाहून ओल्या टॉवेलाच्या टोकानं ती पुसता पुसता ते डोळे लाल करून घ्यायचे.

आणि एवढं सारं करूनही मी त्यांच्याकडे जात नव्हते. चार वर्षांची झाले, पाच वर्षांची झाले, तरी ते आले की चौकट धरून उभी राहायची. भीती कधीच गेली होती, एक अवघडलेपण मात्र राहिलं होतं. त्या वयात मी माणसं नाकानं ओळखायची. मायला चुलीच्या धुराचा वास होता, आजोबांना बैलांचा आणि कडब्याचा. अंधारातसुद्धा कोण जवळ आलं ते मला कळायचं. बाबांचं तसं नव्हतं. मागच्या वेळी चंदनाचा माणूस आला होता, या वेळी लिंबाचा आला. रविवार संध्याकाळपर्यंत मी त्या वासाला जरा सरावायची, त्यांच्या बाजेच्या पायाशी येऊन बसायची, आणि सोमवारी पहाटेच्या बसनं ते निघून जायचे. पुढच्या पंधरवड्याला वेगळाच कुणी येणार असायचा.

हे बाबांच्या ध्यानात येत नव्हतं. मी मागे सरले की त्यांना वाटायचं, खाण अजून अंगावर शिल्लक आहे, साबण कमी पडला. मग ते आणखी भारी, आणखी घमघमाटाचा साबण शोधायचे आणि माझ्यापासून आणखी लांब जायचे. मायनं हे ओळखलं होतं. एकदा भाकरी थापता थापता, मान वर न करता ती म्हणाली, "अवो, तुमी दर खेपेले नवा साबण लावून येता, पोरीले दर खेपेले नवाच माणूस वाटते. तिनं बाप कोणाले म्हणाव?"

बाबा जेवत होते, ते थांबले. मग म्हणाले की खरा साबण अजून सापडलाच नाही, सापडला की मग बदलणार नाही. मायनं तव्यावरची भाकरी उलटली.

त्या वर्षी वैशाख फार तापला. नाल्याला पाण्याचा टिपूस राहिला नाही. बाया पात्राच्या वाळूत हातभर खोल झिरे खणून वाटीवाटीनं पिण्याचं पाणी भरायच्या, विहिरीच्या तळाशी नुसता गाळ. खाणीच्या वसाहतीतही तीच गत असावी, कारण बाबा त्या शनिवारी निघाले ते पाळीवरून तसेच, आंघोळ नाल्यावर करू या भरवशावर. इथे येऊन पाहतात तर वाळू. पिशवीत नवा, न फोडलेला साबण, आणि पाणी कुठेच नाही.

मी अंगणात एकटीच होते. माय झिऱ्यावर गेली होती. त्या दिवशी कुठलाच सुगंध आला नाही, पावलंही वाजली नाहीत. मान वर केली तर कुंपणाच्या फाटकाबाहेर बाबा उभे. दिवसभराच्या घामानं चेहऱ्यावरच्या काळ्या रंगात पांढरट ओघळ उमटलेले. ते आत येत नव्हते आणि परतही जात नव्हते. एक पाय पुढे टाकायचे, तो मागे घ्यायचे. मी उठले तसे ते घाईनं म्हणाले, "जवळ येऊ नको वं पोरी. मले पाणी नाई भेटलं."

मी थांबले होते, पण वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत होता. त्या वाऱ्यात ओल्या दगडाचा, लोखंडाचा, घामाचा आणि सुरुंगाच्या जळक्या दारूचा मिळून एक जड, कडवट वास होता, आणि तो मला ठाऊक होता. चंदनाच्या खाली तो होता, लिंबाच्या खालीही होता. दर खेपेच्या रविवारी संध्याकाळी, साबणाचा जोर ओसरल्यावर, बाजेच्या पायाशी बसून मी तोच थोडा थोडा घेत आले होते. आज तो आडपडद्याशिवाय आला होता. इतकी वर्षं जो माणूस दर वेळी बदलून येत होता, तो त्या क्षणी एकच झाला. मी फाटक ढकललं आणि सरळ जाऊन त्यांना बिलगले.

ते मटकन खाली बसले, तिथेच, धुळीत. मी त्यांच्या मांडीत शिरले, सदऱ्यात तोंड खुपसलं. बाबांनी मात्र आपले दोन्ही हात वर, हवेत उचलून धरले होते. माझा धुतलेला झगा मळू नये म्हणून ते त्या हातांना कुठेच टेकू देत नव्हते. बाबांचं एवढं सगळं मला आठवतं, पण त्यांचं चित्र म्हणून एकच निवडायचं झालं तर मी हे निवडेन: उतरत्या उन्हात धुळीत बसलेला एक काळा माणूस, मांडीत मूल, आणि हवेत उचललेले दोन रिकामे हात.

माय डोक्यावर घागर घेऊन आली आणि आम्हाला पाहून जागच्या जागी उभी राहिली. मग पाणी काढून द्यायला ती लगबगीनं घरात वळली, तेव्हा बाबा म्हणाले, "थांब थोडं. पाणी नको आणू आताच." आणि त्यांनी हळूच हात खाली आणून माझ्या पाठीवर ठेवले.

त्यानंतर आमच्या घरात रीत पडली, आधी मांडी आणि मग आंघोळ. पाऊस पडून नाला वाहू लागला तरी ती मोडली नाही. साबणांचा नाद मात्र सुटला नाही. दुकानात नख रुतवणं चालूच राहिलं, कारण स्वभाव असा एका दिवसात थोडाच जातो. पण आता साबण चुकीचा निघाला तरी काही बिघडत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी बाबांनी खाण सोडली आणि कायमचे घरी आले. कापूस पाहू लागले, माय आणेल त्या साबणानं रोज आंघोळ करू लागले. तोवर माझं लग्न झालं होतं. पुढच्या हिवाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा ते अंगणात उन्हाला बसले होते, नुकतेच न्हालेले, पापण्या स्वच्छ, नखं गुलाबी. मी कौतुकानं पाहतेय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी बाही वर सारून हात माझ्या नाकाशी आणला.

"पाय बरं, येते का आता खाणीचा वास?"

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ हुंगला. साबण होता. त्याच्या खाली ऊन होतं, थोडी माती होती. त्याच्याही खाली मी शोधत राहिले.

"नाई बाबा," मी म्हणाले. "गेला."

"गेला एकदाचा," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाजेवर पाठ टेकून, पाय पसरून, निवांत पडले. काळ माणसाला नेतो तेव्हा नेहमीच सगळं एकदम नेत नाही. कधी माणूस जागच्या जागी ठेवून त्याच्यातलं आपलं तेवढं घेऊन जातो, आणि त्याचं सुतकही पाळता येत नाही. समोर उन्हात बाबा डोळे मिटून पडले होते, आणि मला त्यांची फार आठवण येत होती.