सबंध लांडगा

कादिरकुलने तो लांडगा चाळीस वर्षांत हजारदा तरी मारला असेल. लग्नात मारला, बारशात मारला, दोनदा तर मयताच्या जेवणातही मारला. पहिल्या हिवाळ्यात तो लांडगा बऱ्यापैकी कुत्र्याएवढा होता. पुढे तो वासराएवढा झाला. कातडं बैठकीच्या भिंतीवर टांगलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर एव्हाना त्याला खोगीर घालता आलं असतं.

गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. कादिरकुलची शिकारीसाठी पाळलेली गरुडीण काराकोझ डोंगरावरून वीज पडावी तशी खाली आली, तिने लांडग्याचं तोंड एका पंजात आणि कंबर दुसऱ्या पंजात धरली, कादिरकुल घोड्यावरून उडी टाकून धावला, लांडग्याने त्याचा कोट फाडला, जिवलग मित्र जुमादिलच्या डोक्याला जखम झाली, आणि शेवटी सुरीचा एकच वार. परतताना वाटेत दूधडेअरीतली कालीपा भेटली. शिकाऱ्याला वाटेत जो भेटेल आणि "शिराल्गा!" म्हणेल, त्याला शिकारीतला वाटा द्यावाच लागतो. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी डोंगर हात आखडता घेतो. कालीपा म्हणाली, "शिराल्गा!" आणि कादिरकुलने वाटा कसला, सबंध लांडगाच तिच्या पायाशी टाकला. चार महिन्यांनी लग्न झालं. तिच्या मागे मोटारसायकलवाला पशुवैद्य होता, पण लांडग्यापुढे मोटारसायकल फिकी पडली.

इथवर आलं की कादिरकुल मिशीवरून हात फिरवायचा, आणि कालीपा चहा ओतत राहायची. चाळीस वर्षांत ती त्या गोष्टीत एकदाही मधे बोलली नव्हती.

त्या दिवशी सकाळी मात्र कादिरकुल भिंतीपुढे उभा राहून म्हणाला, "हे कातडं जरा काढून ठेवूया का? धुवायला झालंय."

"चाळीस वर्षं नाही धुतलं," कालीपा कणीक मळता मळता म्हणाली. "आज काय त्याला बोहल्यावर चढायचंय?"

"पाहुणे येतायत, म्हणून म्हटलं."

"पाहुणे येतायत म्हणूनच राहू दे. तेवढीच भिंतीची पोपडी झाकलेय."

पाहुणे म्हणजे होणारे व्याही. धाकटी लेक बेगायमच्या कानात डूल घालून लग्न पक्कं करायला ते नारिनहून निघाले होते. मुलगा चांगला होता, कादिरकुलची काही तक्रार नव्हती. तक्रार मुलाच्या बापाबद्दल होती. बेक्तुर हा गरुड पाळणारा, त्याचा बाप गरुड पाळणारा, आजा तर गरुडाशी बायकोपेक्षा जास्त बोलायचा म्हणे. असल्या माणसापुढे लांडगा मारायचा म्हणजे मुल्लापुढे अजान चुकवायची.

कारण लांडगा काराकोझने मारला नव्हता. कादिरकुलनेही मारला नव्हता.

हे ठाऊक असलेला दुसरा माणूस, जुमादिल, दहाच्या सुमारास मेंढी कापायला हजर झाला. ऊन होतं तरी त्याने टोपी घातली होती. टोपीखाली ती जखमेची खूण होती.

"घाम फुटलाय तुला," जुमादिल म्हणाला. "मेंढी मी कापतोय, कापरं तुला भरलंय."

"हळू बोल. जेवताना त्या बेक्तुरने काही विचारलं, तर तू तोंड उघडायचं नाहीस."

"चाळीस वर्षं उघडलं का? माझी नवीकोरी कोल्ह्याच्या कातड्याची टोपी गेली, डोकं फुटलं, तरी उघडलं नाही. कुणी विचारलं की म्हणतो, लांडग्याने ओरबाडलं. मित्राच्या गरुडाने टोपीला कोल्हा समजून झडप घातली, असं कुठल्या तोंडाने सांगू?"

खरी गोष्ट एवढीच होती. काराकोझने त्या दिवशी डोंगरावरचा कोल्हा सोडून जुमादिलच्या डोक्यावरचा धरला. त्याच्या चिंध्या केल्या, आणि मग फुरंगटून एका कड्यावर जाऊन बसली. तिला खाली उतरवण्यात दुपार गेली. दोघं हात हलवत परत येत होते, आणि रस्त्याच्या वळणावर लांडगा पडलेला. मेलेला, अजून गरम. बर्फात गाडीच्या चाकांच्या खुणा, गाडीचा पत्ता नाही. कादिरकुलने लांडग्याकडे पाहिलं, जुमादिलच्या डोक्यातून वाहणाऱ्या रक्ताकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं की एवढी सगळी तयारी देवाने उगाच केली नसणार. त्याने सुरीने स्वतःचा कोट फाडला, एकुलता एक. बर्फात दोनदा लोळण घेतली. तेवढ्यात वळणावरून कालीपा चालत आली, हातात रिकामं पोतं आणि दोरी.

आजवर त्याला जुमादिलची भीती वाटली नव्हती, गावाची तर नाहीच. गाव हसलं असतं आणि आठवड्याने विसरलं असतं. भीती होती ती कालीपाची. मोटारसायकल सोडून ती लांडग्यामागे आली होती. लांडगा खोटा निघाला, तर तिच्या चाळीस वर्षांचं काय? या वयात ती कुठे जाणार नव्हती, हे त्याला कळत होतं. पण चहा देताना ती त्याच्याकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर जाईल, आणि मग घरात राहून करायचं काय, हा विचार त्याला रात्र रात्र छळत आला होता.

दुपारी व्याही आले. बेक्तुर हाडकुळा आणि मोजकं बोलणारा होता. हात मात्र ओरखड्यांनी भरलेले. बेगायमच्या कानात डूल पडले, डोळे पुसून झाले, ताटं आली. मानाचं म्हणून मेंढीचं डोकं बेक्तुरपुढे ठेवलं गेलं. त्याने रीतसर गालफडाचं मांस काढून वडीलधाऱ्यांना दिलं. कान मात्र तसेच ठेवले. ते शेवटी घरातल्या धाकट्याला द्यायचे, म्हणजे तो सांगितलेलं ऐकतो. मग त्याने हात पुसले आणि भिंतीकडे पाहिलं.

"हाच का तो लांडगा? तुमची गोष्ट नारिनपर्यंत आलीय, व्याहीबुवा. पण तुमच्या तोंडून ऐकायचीय."

कादिरकुलने सांगितली. आयुष्यात इतकी वाईट कधी सांगितली नव्हती. वीज पडायच्या जागी काराकोझ नुसतीच खाली आली. लांडगा आखडून परत कुत्र्याएवढा झाला. दोन वाक्यांत मारून तो मोकळा झाला आणि म्हणाला, "घ्या, रस्सा गार होतोय."

बेक्तुर उठला. भिंतीपाशी गेला आणि कातड्यावरून बोटं फिरवायला लागला, तोंडापासून कंबरेपर्यंत, सावकाश, वैद्य नाडी बघतो तशी. खोलीत कुणी चावतसुद्धा नव्हतं.

"तोंडाला भोकं नाहीत," तो म्हणाला.

"कोवळी होती काराकोझ," जुमादिल पटकन म्हणाला. "नखं अजून यायची होती."

कादिरकुलने डोळे मिटले.

"कंबरेलाही नाहीत. आणि हा काळा पट्टा कसला?" बेक्तुरने बोट पट्ट्यावर घासलं. "वंगण आहे हे. तुमचा गरुड वंगण लावून उडायचा का, व्याहीबुवा?"

"सरकारी कोलखोज-शेतीचा जमाना होता तो," जुमादिल म्हणाला. "तेव्हा सगळ्यालाच वंगण लावायचे."

बेक्तुरचा मुलगा खाली मान घालून हसायला लागला. बेगायमने त्याला कोपरखळी मारली, पण तिलाही राहवेना. बेक्तुर मात्र हसला नाही. तो कादिरकुलकडे बघत उभा राहिला, आणि त्या बघण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

कादिरकुलपाशी अजून दोन-तीन खोटी शिल्लक होती. लांडगा आधी गाडीखाली लंगडा झाला आणि मग गरुडाने धरला, असं सांगता आलं असतं. वाईट नव्हतं ते. त्याने तोंड उघडलं. कालीपा चहाच्या समोवारपाशी बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. सत्तरी आली, आता आणखी किती वर्षं हा लांडगा पाठीवर वाहायचा, असं त्याला झालं.

"गरुडाने नाही मारला," तो म्हणाला. व्याह्याला नाही, बायकोला. "मीही नाही मारला. रस्त्यावर मेलेला पडला होता. कुठल्यातरी गाडीने उडवलेला. कोट मीच फाडला. तू समोरून आलीस, 'शिराल्गा' म्हणालीस, आणि मग माझी जीभच वळेना. कालीपा, मी तुला फसवलं."

चमचा पडला तरी ऐकू आलं असतं. जुमादिलने, काय वाटलं कुणास ठाऊक, डोक्यावरची टोपी काढली.

कालीपाने हातातली चहाची वाटी पुरती भरली आणि विहिणीपुढे सरकवली.

"कुठल्यातरी गाडीने काय," ती म्हणाली. "दुधाच्या गाडीने."

"तुला काय ठाऊक?"

"मीच चालवत होते."

आता खरंच कुणाचा तरी चमचा पडला.

"मामाची गाडी," कालीपा विहिणीला सांगायला लागली, जणू भाजीत काय घातलं ते सांगतेय. "आदल्या रात्री तो इतका प्यायला होता की सकाळी त्याला स्वतःचे बूट सापडेनात. दूध नासलं असतं, म्हणून मी बसले गाडीवर. परवाना नाही, काही नाही. दिवस कलता परतताना वळणावर हा मधे आला. चढावर गाडी थांबवली असती तर परत सुरू झाली नसती, म्हणून खाली ओढ्यापाशी नेऊन लावली आणि पोतं-दोरी घेऊन चालत वर आले. माझा लांडगा न्यायला. बघते तर काय, एक उंच माणूस माझ्या लांडग्याशेजारी बर्फात लोळतोय आणि स्वतःच्या कोटाला सुरी लावतोय. दुसरा बाजूला बसून डोकं धरून रडतोय."

"रडत नव्हतो, वहिनी," जुमादिल म्हणाला. "थंडीने पाणी येत होतं डोळ्यांतून."

कादिरकुलला पोतं आणि दोरी दिसत होती. चाळीस वर्षं ती दोन्ही त्याच्या त्या गोष्टीत होती. एकटी मुलगी भर बर्फात पोतं-दोरी घेऊन डोंगर का चढत होती, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. घरची गाडीही लग्नापासून तीच चालवायची. कुठे शिकली, हेही कधी विचारलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?" त्याचा आवाज फाटला.

"बोलले असते तर मामाची नोकरी गेली असती. म्हटलं, लांडगा तर हवाय, मागायचा कसा? मग सुचलं, शिकारी आहे ना हा? 'शिराल्गा' म्हणावं. माझ्याच लांडग्यातली एखादी तंगडी तरी पदरात पडेल." ती थांबली, आणि पहिल्यांदाच तिचा हात समोवारवरून निघाला. "तर ह्यांनी सबंध दिला. अंगावरचा एकुलता कोट फाडून मिळवलेला, आणि डोळ्याची पापणी न हलवता पायाशी टाकला. मी वर पोत्यात भरून खाली नेईपर्यंत विचार करत होते. म्हटलं, माणूस खोटारडा आहे, पण चिकट नाही. पशुवैद्याने मला एकदा मोटारसायकलवरून डेअरीपर्यंत सोडलं होतं, आणि उतरल्यावर फरशी पुसायला लावली होती. मोटारसायकलची."

"आणि चाळीस वर्षं तू ऐकत राहिलीस? दर वेळी?"

"चांगली सांगता," कालीपा म्हणाली. "आजची सोडून."

आधी बेक्तुर हसला. त्या हाडकुळ्या अंगातून एवढं मोठं हसू निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो भिंतीला टेकून, लांडग्याचं शेपूट धरून हसला. मग सगळी खोली फुटली. कादिरकुलला मात्र हसावं की रडावं कळेना. त्याचा लांडगा गेला होता, आणि ती नजर जिथल्या तिथे होती. ती कधी लांडग्याकडे बघतच नव्हती. एवढं साधं कळायला त्याला सत्तर वर्षं लागली, याची त्याला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला.

बेक्तुर जागेवर आला. त्याने आपल्यापुढचं मेंढीचं डोकं ताटासकट उचललं आणि रीतभात गुंडाळून ठेवून सरळ कालीपापुढे नेऊन ठेवलं.

"लांडगा मारला त्याचा हा मान, विहीणबाई."

बाईमाणसापुढे डोकं ठेवलेलं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. जुमादिलने जोरात नाक शिंकरलं. कादिरकुल उठला, सगळी बैठक ओलांडून समोवारपाशी गेला आणि बायकोपुढे मांडी घालून बसला. त्याने दोन्ही हात पुढे केले.

"शिराल्गा," तो म्हणाला.

कालीपाने त्याच्याकडे पाहिलं. मग मेंढीचं डोकं आपल्याकडे फिरवून घेतलं, सुरीने एक कान कापला, आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.