गाणं ऐकून पांढरं पडणारं शेवाळ

मी शेवाळ बोलतोय. हो, तेच, ज्यावरून माणसं घसरतात आणि उठल्यावर मलाच शिव्या घालतात. मला ना फूल, ना फळ, ना धड मूळ. गळक्या पाइपाखालच्या विटेवर जन्मलो आणि तिथेच ब्रशखाली संपलोही असतो. पण घरमालकांना श्रोता हवा होता.

घरमालक म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. नोकरी संपल्यावर त्यांनी गाणं शिकायला घेतलं. सूर काही हाती लागत नव्हता, पण ते त्याचा पिच्छा सोडत नव्हते. ते गायला बसले की बायकोला नेमकं बाजारातलं काम आठवायचं. शेवटी त्यांनी मला कालथ्याने अलगद उचललं, काचेच्या बशीत ठेवलं आणि खिडकीत बसवलं.

"हे कुठे पळणार?" ते म्हणाले.

रोज सकाळी ते खिडकी सताड उघडायचे आणि गळा मोकळा करायचे.

आता माझ्या पोटातली गोष्ट ऐका. माझ्या पेशींत हिरवे कण असतात. उजेड मंद असला की ते ऐसपैस पसरतात आणि मिळेल तेवढा उजेड गोळा करतात. ऊन कडक झालं की भाजू नये म्हणून पेशीच्या कडेच्या भिंतींना चिकटतात, बसमध्ये "चला, कडेला व्हा" म्हटल्यासारखे. गारठ्यात तर साधा उजेडही त्यांना झेपत नाही, तेव्हाही ते कडेलाच पळतात. कण कडेला गेले की मी फिकट दिसतो. खिडकीतून ऊन आणि गार वारा एकदमच आत यायचे. गाणं रंगात येईपर्यंत माझा रंग उडालेला असायचा.

"भारावलंय बिचारं," कंडक्टर म्हणाले.

"अहो, पांढरंफटक पडलंय ते," बायको म्हणाली. "तुम्ही थांबलात की बघा कसं टवटवीत होतं."

ती थट्टेत बोलली, पण त्यांच्या मनाला लागलं. संध्याकाळी खिडकी लावून ते माझ्याकडे बघत बसले. मी हिरवागार झालो. माझाही नाइलाज होता.

दुसऱ्या दिवसापासून गाणं बंद. सवयीने खिडकी उघडायचे आणि बाहेर बघत गप्प बसायचे. जेवणावरची वासनाच उडाली. शेजाऱ्यांना हायसं वाटलं, बायकोला नाही.

एका सकाळी तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. गाणं नाही, तरी मी फिकटच. तिने खिडकी लावली, पडदा ओढला आणि घरकाम उरकून आली, तर मी हिरवा. तिने खिडकी पुन्हा उघडून पाहिली, तर मी पुन्हा फिकट. तिला सगळं कळलं. घरात इतकी छान शांतता होती, ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. थोडा वेळ तिने विचार केलाही.

मग म्हणाली, "अहो, ते तुमच्या गाण्याला नाही, उन्हाला आणि गारठ्याला भितंय."

कंडक्टर खुलले. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझं गाणं त्याला ऐकूच येत नाही?"

"त्याला कान कुठे आहेत?"

(कान नसताना मला हे कसं कळलं, ते विचारू नका. बोलायला तोंड तरी कुठे आहे.)

"मग मी इतके दिवस गात कुणासाठी होतो?"

तिने स्टूल ओढलं आणि समोर बसली. "गा," ती म्हणाली.

आता खिडकी बंद असते, पडदा अर्धा ओढलेला असतो आणि मी गर्द हिरवा आहे. ती रोज समोर बसते, मनापासून मान डोलावते. कंडक्टरांचा आवाज सुधारलेला नाही, तब्येत मात्र सुधारली आहे.

माझी एकच विनंती. कधी आमच्याकडे आलात, तर माझ्या बशीमागे हात घालू नका. तिथे तिने कानात घालायचा कापूस लपवून ठेवलाय.