दगडांवर उभी गाडी

कुशाबाच्या थुंकीतून पहिल्यांदा रक्त पडलं ते भरे गावच्या ओढ्यावर, सकाळी तोंड धुताना. त्यानं ते पाण्यात वाहू दिलं आणि घरी काही बोलला नाही. दुसऱ्या वेळी मात्र ते त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं पाहिलं. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही.

कुशाबा ड्रायव्हर होता. एस.टी. यायच्या आधी पौड ते पुणे रस्त्यावर एका शेटजींच्या खाजगी मोटारी धावायच्या. त्यांच्यावर त्यानं उमेदीची वर्षं काढली. सरकारनं रस्ता एस.टी.ला दिला तसा शेटजींनी धंदा मोडला. चांगल्या गाड्या लगेच गेल्या. एक तेवढी कुणी घेईना. लढाईच्या वेळची, लष्कराच्या लिलावातली, जखमी सोल्जर न्यायची बंद डब्याची गाडी होती ती.

"कुशाबा, ही तूच ने," शेटजी म्हणाले. "भंगारात घालवत नाही आणि तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

त्यानं ती आणून खळ्याच्या कडेला लावली. कधी कुणाचं वऱ्हाड, कधी पौडच्या दवाखान्यात न्यायची अडलेली बाई, एवढ्यापुरती ती निघायची. एरवी तो थोरल्या भावाबरोबर, भिवाजीबरोबर, शेतात राबायचा. पण नांगर धरला तरी त्याचे हात स्टिअरिंगवर असल्यासारखेच दिसायचे.

पौडच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, थुंकी तपासायला पाठवली आणि क्षय आहे म्हणून सांगितलं. आता औषधं निघाली आहेत, माणूस बरा होतो, पण इंजेक्शनं दीर्घकाळ घ्यावी लागतील. जोडीला विश्रांती हवी, कोरडी मोकळी हवा हवी. पुण्यात खाट मिळेल का म्हणून चौकशी केली, तर आधीच कितीतरी लोक रांगेत होते. पाचगणीच्या क्षयाच्या दवाखान्याचं नाव डॉक्टरनं काढलं आणि भिवाजीच्या धोतराकडे बघून स्वतःच सोडून दिलं.

दोघं भाऊ बैलगाडीतून परत निघाले. पिरंगुट मागं पडल्यावर भिवाजी म्हणाला, "कुशा, त्यांच्याकडं खाट न्हाई तर ऱ्हाऊ दे. आपली खाट आपण घिऊन जाऊ."

"कुटं?"

"पाचगणीला. तुझ्या गाडीत. गाडीतच निजायचं, गाडीतच रांधायचं. सगुणा संगं यील. दवाखान्याच्या कुपाभाईर गाडी हुबी करायची. हवा काय कुणाच्या बापाची हाय व्हय?"

कुशाबाला हसू आलं आणि हसण्यातून खोकला आला. पण त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मग गाडी बांधायला घेतली. कुशाबा उन्हात बाजेवर बसून सांगायचा आणि भिवाजी करायचा. विकत काही आणायचं नाही असं ठरलंच होतं. गाडीच्या आत दोन्ही अंगांना जखमींचे स्ट्रेचर टांगायचे लोखंडी आकडे तसेच होते. एका बाजूच्या आकड्यांवर भिवाजीनं बाभळीची चौकट बसवली आणि तिला नवार विणली. दुसऱ्या अंगाच्या बाकाखाली फळ्या ठोकून पेटी केली, पीठ-मीठ आणि भांडी ठेवायला. तळाचा पत्रा गंजून चाळण झाला होता. पौडच्या वाण्याकडून चहाची रिकामी खोकी मागून आणली, त्यांच्या फळ्या खाली अंथरल्या. टप गळत होता. पिरंगुटला सडकेचं काम चाललं होतं, तिथल्या मुकादमाला गूळ-शेंगा देऊन पिंपाच्या बुडाचं डांबर आणलं आणि टपाच्या सांध्यांत ओतलं. मागच्या दाराचा खालचा अर्धा भाग साखळीवर आडवा पडेल असा केला. तो झाला सगुणाबाईचा ओटा. तेलाच्या डब्याला आतून माती लिंपून शेगडी केली. टपावर पाण्याचं पिंप चढवून त्याला तोटी बसवली.

कुशाबाचा जुना क्लीनर वाल्मीक आता पुण्यात एका ट्रकवाल्याकडे होता. तो दर रविवारी यायचा आणि इंजिनात डोकं घालून बसायचा. भिवाजीच्या बायकोनं, चंद्राबाईनं, आपलं जुनं लुगडं फाडून खिडक्यांना पडदे शिवले. आतून चुना मारला. कुशाबाची मुलगी तुळजा तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. तिनं दारावर गेरूनं तुळशीवृंदावन काढलं.

कुशाबाला वाटायचं, आजारी पडलो हे एका परीनं बरंच झालं. त्याच्यासाठी घर असं कधी एका ठिकाणी जमलं नव्हतं. भिवाजी मुळात कमी बोलणारा, पण या दिवसांत तो फळी तासता तासता मान वर करून विचारायचा, "कुशा, उशाकडं खिडकी पायजे का पायथ्याला?" कुशाबा बसल्या बसल्या रस्ता घोकायचा. कात्रज, खंबाटकी, वाई. पसरणीच्या घाटात वाल्मीकला बसवायचं, तिथं आपली छाती टिकायची नाही. त्याचं ताट-वाटी वेगळी झाली होती, पाण्याचा तांब्या वेगळा झाला होता. डॉक्टरनंच तसं सांगितलं होतं, त्यामुळे त्याला त्यात काही वाटलं नाही.

गाडी तयार झाली त्या दिवशी नारळ फोडला. इंजिन पहिल्या हँडलला लागलं. सगळं गाव खळ्यावर जमलं होतं.

"आज मळ्यात लावू," भिवाजी म्हणाला. "दोन-चार दिस तितं ऱ्हाऊन बघ. काय कमी-जास्ती लागतंय ते कळंल. मंग निघू."

बोलणं शहाणपणाचं होतं. कुशाबानं स्वतः गाडी चालवत नेली आणि गावाबाहेर, ओढ्याकाठच्या जांभळीखाली उभी केली. पहिले दिवस सगुणाबाई तिथं राहिली. मग भिवाजी म्हणाला, पोर वयात आलेली, तिच्याजवळ आई पाहिजे. म्हणून ती घरी झोपायला जाऊ लागली. दोन-चार दिवसांचे पंधरा झाले. मग पेरणी आली, मग पावसानं घाट खचल्याची बातमी आली, मग बैल लंगडा झाला. मुळशीचा पाऊस म्हणजे दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. कुशाबा त्या चुना मारलेल्या डब्यात ताप अंगावर घेऊन पडून राहिला. पौडचा कंपाउंडर सायकलवरून येऊन सुई टोचून जायचा. डांबर चांगलं बसलं होतं, थेंबही आत येत नव्हता.

पाऊस ओसरल्यावर एका दुपारी गाडी हलली म्हणून तो जागा झाला. क्षणभर वाटलं, निघालो. दार उघडून पाहिलं तर भिवाजी आणि दोन गडी पहारी लावून गाडी उचलत होते आणि खाली दगड सारत होते.

"टायर मातीत कुजत्यात कुशा," भिवाजी त्याच्याकडे न बघता म्हणाला. "काढून घरात ठिवतो. निघायच्या दिवशी बसवू."

दिवाळी झाली. भाताच्या पेंढ्यांनी भरलेली भिवाजीची बैलगाडी मळ्यातून निघाली तेव्हा कुशाबा खिडकीशी बसला होता. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. मग लक्षात आलं, गाडीचा आवाज येत नव्हता. लोखंडी धावांचा खडखडाट गेला होता. बैलगाडी रबरी टायरांवर चालली होती. आस सुद्धा कुशाबाच्याच मोटारीचा होता. भरे गावातली ती पहिली टायरगाडी. बांधावर उभे राहून लोक कौतुकानं पाहत होते.

संध्याकाळी सगुणाबाई भाकरी घेऊन आली. तिनं ताट ओट्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरली.

"तुला ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

ती म्हणाली, "गाडी बांदायला घितली तवापास्नं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी लई खुशीत हुता."

त्यानं भाकरी खाल्ली. न खाऊन काय करणार? डॉक्टरनं खायला सांगितलं होतं. त्या दिवसापासून बरं व्हायचं एवढंच त्यानं मनात धरलं. गोळ्या चुकवल्या नाहीत, सुया चुकवल्या नाहीत. खोकला मोडला, अंगावर मांस चढलं. पुढच्या वर्षी तो पायी पौडला जाऊन सुई घेऊन येऊ लागला. आणि त्याच्याही पुढच्या वर्षी डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरून म्हटलं, "कुशाबा, स्वच्छ आहे. थुंकीतही काही नाही. घरी जा. घरात जेव, पोरीला जवळ बसव."

तो पौडहून तसाच चालत निघाला. मळ्याकडे वळला नाही, सरळ घरी गेला. चंद्राबाई दारात तांदूळ निवडत होती.

"भावजी, उंबऱ्याच्या भाईर थांबा," ती घाईनं उठत म्हणाली आणि नवऱ्याला हाक मारायला आत गेली.

भिवाजी बाहेर आला. कुशाबानं डॉक्टरचं म्हणणं सांगितलं.

"डाक्टरचं काय जातंय," भिवाजी म्हणाला. "त्येच्या घरात लगीन निघालंय का? तुळजाची दोन स्थळं माघारी ग्येली. क्षयवाल्याची पोर म्हणून. आता कासारसाईचं जमलंय."

"पर म्या बरा झालोय. सांग की त्यास्नी."

"बरा झाला म्हणायचं म्हंजी क्षय झाला हुता म्हणायचं."

"मंग तू काय सांगितलंस?" त्यानं विचारलं.

भिवाजी अंगणातल्या मातीकडे पाहत राहिला. "शेटच्या मोटारीचा अपघात झाला म्हणून," तो म्हणाला. "घाटात. वळखीपाळखीची मानसं न्हाईत, त्यास्नी काय ठावं? गावानं बी पोरीसाठी तोंड मिटलंय."

तेवढ्यात आतून सगुणाबाई आली. कासारसाईचे पाहुणे नुकतेच सुपारी फोडून गेले होते. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. गळा मोकळा होता. हातांत बांगडी नव्हती. तिनं पदर पुढं ओढायचा प्रयत्न केला, पण तोवर त्यानं पाहिलं होतं.

तो मळ्यात परत गेला.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात तुळजा आली. गाडीत चढली नाही, जांभळीखाली उभी राहिली. "आबा," ती म्हणाली, "तुमी म्हणाल तर म्या लगीन मोडते."

ती मनापासून बोलत होती, पण बोलून झाल्यावर श्वास धरून होती. काय उत्तर यावं म्हणून ती घाबरली आहे ते त्याला दिसत होतं.

"काय मोडत न्हाईस," तो म्हणाला. "जा घरला. उन्हात काळी पडशील."

लग्नाच्या दिवशी त्यानं पडदे लावून घेतले. कन्यादान भिवाजी-चंद्राबाईनं केलं. वाजंत्री मळ्यापर्यंत ऐकू येत होती. मंगलाष्टकांसाठी ती थांबली आणि अक्षता पडल्या तशी जोरात सुरू झाली, तेव्हा त्याला कळलं की लेक आता दुसऱ्याची झाली. उकडायला लागलं म्हणून तो बाहेर येऊन सावलीत बसला. जेवणं झाल्यावर एक म्हातारा हात-पाय धुवायला ओढ्यावर आला. मोठा फेटा, नवं उपरणं. नवऱ्या मुलाचा कुणीतरी जवळचा असावा.

"कोण गा तू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मळ्याचा राखण्या."

"लग्नाला न्हाई आलास?"

"आजारी हुतो."

म्हातारा गाडीकडे बघत दगडावर टेकला. "ही व्हय नवरीच्या बापाची मोटार? ड्रायवर हुता म्हणं. लई वस्ताद मानूस. घाटात ग्येला."

"व्हय."

"वळखत हुतास?"

"थोडं."

"वाईट झालं. आज पायजे हुता बिचारा." म्हाताऱ्यानं उपरण्याची गाठ सोडली आणि बुंदीचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. "घे, तोंड गोड कर."

कुशाबानं तो लाडू त्याच्यासमोरच खाल्ला.

वरात गेल्यावर सगुणाबाई ताट घेऊन आली. कपाळ तसंच होतं. चार दिवसांनी मुलगी मांडवपरतणीला येणार, बरोबर सासरची माणसं येणार, तेव्हा कुंकू लावायचा प्रश्नच नव्हता.

"वाल्मीकनं नगरला ट्रकवर काम बघून ठिवलंय," कुशाबा म्हणाला. "चल माझ्यासंगं. तितं आपल्याला कुणी वळखत न्हाई. कुंकू लाव आन चल."

"आन म्होरं?" ती म्हणाली. "पोरीच्या सासरची इचारतील, आई कुटं हाय? गाव काय सांगंल? रांडमुंड बाई ट्रकवाल्यासंगं पळाली म्हणून? नांदवतील तिला?"

"सगुणे, ह्ये तुला पायजे हुतं का?"

"मला कुणी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "पैल्या दिशी गाडी बांदताना बी इचारलं न्हाई, आन पाहुणं यायच्या दिशी बांगड्या काढताना बी न्हाई."

ती ताट परत न्यायला थांबली होती. त्यानं जेवण तसंच ठेवलं असतं तर तिला आणखी थांबावं लागलं असतं, म्हणून तो भराभर जेवला.

सकाळी तो पिरंगुटच्या थांब्यावर गेला आणि एस.टी.त बसला. नेण्यासारखं फार नव्हतं. भिवाजीला सांगितलं नाही, आणि त्यानंही नंतर कुठं शोध केला नाही. मळ्यातल्या त्या गाडीत त्या वर्षी कांदे भरले, पुढं कडबा. नगरहून काही पाठवावं असं कुशाबाच्या मनात यायचं. पण मेलेल्या माणसाच्या नावानं मनिऑर्डर कशी करायची?

दीडेक वर्षानं वाल्मीक गावात आला. भिवाजी शेतावर गेलेला पाहून घरी गेला. सगुणाबाई अंगणात गवऱ्या थापत होती.

"वैनी, दादा बरा हाय," तो हळूच म्हणाला. "धुळ्याच्या लाइनीवर हाय. खोकला न्हाई, काय न्हाई."

"जेवतो का येळंवर?"

"जेवतो की."

तिनं शेणाचे हात धुतले, पुसले. "थांबा. काय तरी देते त्यास्नी द्यायला," म्हणून ती आत गेली. वाल्मीक ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. आतून एकेक डबा उघडून मिटल्याचा आवाज आला आणि मग थांबला. मेलेल्या नवऱ्यासाठी म्हणून त्या घरातलं काय उचलायचं? ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तरी ती बाहेर आली नाही. शेवटी पौडची गाडी चुकेल म्हणून तो निघून गेला.