न गळणारे दाणे

“ऐक,” युकूमावशी म्हणाली.

मी कान दिला. दिवस मावळत होता. नदीकाठचं गवत पिकून तडकत होतं आणि वारा नसतानाही दाणे टपटप जमिनीवर पडत होते. आताच्या पोरांना ती टपटप माहीतच नाही. फक्त मावशीच्या झोपडीमागच्या तुकड्यात सगळं गप्प होतं. कणसं भरलेली, वाळलेली, आणि एकही दाणा सोडायला तयार नाही.

“काही ऐकू येत नाही गं.”

“तेच तर!” ती हसली.

आमच्याकडे खाली पडलेला दाणा मेलेल्यांचा. आपण देठावर उरलेला घ्यायचा, दगडाने कवच फोडायचं किंवा गरम राखेत लाह्या करायच्या. एखादं कणीस गळत नसेल तर ते अशुभ, तिथल्या तिथे जाळायचं. मावशी नेमकी तीच कणसं शोधून आणायची आणि काठीने भोकं पाडून पेरायची. पुढच्या वर्षी त्यातली सर्वांत हट्टी पुन्हा निवडायची. मी लहानाची मोठी झाले ती हेच बघत.

“मेलेल्यांच्या तोंडचा घास काढतेस,” तिचा भाऊ त्सिकोमामा येता-जाता टोचायचा. “एक दिवस येतील मागायला. तेव्हा मला हाका मारू नकोस.”

“माझी इता दिली ना त्यांना? अजून किती द्यायचं?”

इता तिची मुलगी. एका कोरड्या वर्षी आम्ही पोचेपर्यंत सगळे दाणे गळून मुंग्यांनी नेले होते. त्या वर्षी इता भुकेने गेली. तिचं नाव निघालं की मामा पाठ फिरवून चालू लागायचा.

मग एका वर्षी कणसं काढायच्या आधीच तापाची साथ आली. आम्ही वरच्या गुहेत पळालो, ते पाऊस संपल्यावरच परतलो. रानगवत डोक्याएवढं माजलं होतं. मावशीचा तुकडा मात्र उघडा. जुनी कणसं आडवी पडली होती. त्यांच्यातले सगळे दाणे एकाच जागी उगवून, एकमेकांत गुदमरून मेले होते. पांढऱ्या मुळांचा नुसता गुंता, लहान मुलांच्या बोटांसारखा.

मावशीने खाली बसून तो गुंता ओंजळीत घेतला.

“यांना एकटं राहताच येत नाही गं,” ती हळूच म्हणाली. “आपली वाट बघत मेली.”

गुहेत नेलेल्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात मूठभर बी उरलं होतं, बस्. त्याच थंडीत मावशीने अंथरूण धरलं. मेलेल्या माणसाच्या मुठीत त्याने स्वतः वेचलेले दाणे द्यायचे, ही आमची रीत. तिचे म्हणावेत असे दाणे तेवढेच होते.

“मला रिकामी पाठव,” ती मामाला म्हणाली. “ते पेर.”

“वेडी आहेस का? तिकडे काय खाशील? इताला काय देशील?” मामा ओरडला.

“पेर म्हणते ना. दुसरे कुठले मुठीत घातलेस तर फेकून देईन.”

पुरताना मी तिची बोटं मिटायला गेले. मिटेनात. तळवा तसाच उघडा ठेवून आम्ही माती लोटली.

पावसात मामानेच काठी घेऊन ते बी पेरलं. कणसं पिकली त्या संध्याकाळी चहूकडे टपटप सुरू होती आणि आमचा तुकडा मुका उभा होता. मामाने पहिलं कणीस मोडून मावशीच्या मातीवर ठेवलं.

सकाळी आम्ही दोघं गेलो. कणीस जागच्या जागी होतं. भोवतीची माती कुणी बोटांनी चाचपल्यासारखी उकरलेली, पण दाणा एकही सुटलेला नव्हता.

 मामा गुडघे टेकून बसला.

“थांब बाई,” तो मातीला म्हणाला, “मी देतो सोलून.”

आणि अंगठ्याने एकेक दाणा काढून तो तिच्यापुढे ठेवू लागला.