पत्र्याखालचा बॉल

अमरावतीच्या गझाला मॅडम पोरींना नेटबॉल शिकवायच्या ते कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात. छताचा पत्रा इतका खाली, की उंच फेकलेला बॉल धाडकन आदळायचा आणि मॅडम खवळायच्या, "वरून काहून फेकतं? खालून दे!" दहा वर्षं हेच.

आज तिथेच पोरींसोबत त्या मोबाइलवर मॅच पाहत होत्या. त्यांची अवनी, चांदूर बाजारची, भारताकडून श्रीलंकेविरुद्ध बचावाला उभी होती. समोरची गोल टाकणारी ताडासारखी उंच. प्रत्येक पास अवनीच्या डोक्यावरून तिच्या हातात. भारत सात गोलांनी मागे पडला आणि मॅडमना चोरट्यासारखं झालं. उंच बॉल अडवायला या पोरीला शिकवलं होतं कोणी?

तिसऱ्या क्वार्टरला अवनीने त्या उंच मुलीला चक्क मोकळं सोडलं.

"सोडू नको तिले!" मॅडम मोबाइलवरच ओरडल्या.

अवनी पास देणारीसमोर गेली, नियमाचं तीन फूट अंतर राखून. बॉल सुटला की टिपला. एक, दुसरा, तिसरा. मग पास देणारीच बिचकली. तीन सेकंदांत बॉल सोडायचा असतो, तो तिच्या हातातच अडकू लागला. क्वार्टर संपताना बरोबरी झाली, शेवटी भारत दोन गोलांनी जिंकला.

नंतर अवनीचा फोन आला, तेव्हा मॅडमनी आधी झापलंच. "मोकळं काहून सोडलं तिले?"

"मॅडम, बॉल वर जाते ते मंग. हातातून सुटते तवा तं आपल्या पत्र्याखालीच असते ना!"