अठ्ठावीस अंशांचं बोट

मी बोटं मोजणारा बोलतोय. मोजतो म्हणजे पाच आहेत की सहा, हे नव्हे. तेवढं तुमचं तुम्हाला जमतं. बोट किती वाकतं आणि किती सरळ होतं, ते मी सांगतो. कागदोपत्री माझं नाव कोनमापक. पण त्या नावाने मला अजून कुणी हाक मारलेली नाही. कुणी चिमटा म्हणतं, कुणी पक्कड. एका आजोबांनी तर मला पाहताच हात मागे घेतला आणि विचारलं, "नख उपटायचंय का?"

दिसायला मी अगदीच साधा. स्टीलच्या दोन छोट्या पट्ट्या, मधे दोघींना जोडणारा एक रिवेट आणि त्याच्याभोवती अर्ध्या गोलात कोरलेले आकडे. एक पट्टी बोटाच्या एका पेरावर ठेवायची, दुसरी पुढच्या पेरावर. बोट वाकलं की मीही वाकतो. एवढंच माझं शिक्षण.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. आम्ही दोनशे भावंडं एका ओळीत पडलो होतो. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी प्रत्येकाला धातूच्या चौकोनी ठोकळ्याला लावून पाहिलं. ज्यांनी नव्वद दाखवलं ते खोक्यात गेले, ज्यांनी एक्याण्णव दाखवलं ते टोपलीत. मी खोक्यात गेलो. त्याचा मला थोडा गर्व आहे, लपवत नाही.

तिथून मी एका रुग्णालयाच्या हातांच्या विभागात आलो आणि ताईंच्या अ‍ॅप्रनच्या खिशात राहायला लागलो. ताई म्हणजे तिथल्या फिजिओथेरपिस्ट. त्या मला 'आमचं मीटर' म्हणायच्या. खिशात माझ्यासोबत एक पेन, दोन गोळ्यांचे कागद आणि चष्मा पुसायचं फडकं असायचं. शेजार चांगला होता.

त्या वर्षी विभागात एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. बोट वाकवणारी आतली दोरी कापली गेली, की मोठे डॉक्टर ती शिवायचे. डॉक्टर तिला टेंडन म्हणत, पेशंट शीर म्हणत. खरा प्रश्न शिवल्यानंतरचा होता. बोट तसंच ठेवलं तर ते आखडतं. फार हलवलं तर टाका तुटतो. म्हणून दोन गट केले होते. पहिल्या गटाने दुखऱ्या बोटाला दुसऱ्या हाताने वाकवायचं. दुसऱ्या गटाने चौथ्या दिवसापासून ते बोट त्याच्या स्वतःच्या ताकदीने, अलगद वाकवायचं. कोण कुठल्या गटात, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची.

मोठ्या डॉक्टरांचा जीव दुसऱ्या गटावर होता. तसं ते बोलून दाखवत नसत. पण एखादं बोट छान वाकलं की "हा नक्की दुसरा" म्हणून स्वतःशीच हसत.

व्यायाम शिकवणाऱ्या वेगळ्या होत्या. ताईंचं काम फक्त मोजायचं, आणि कोण कुठल्या गटात हे ताईंना कळू द्यायचं नव्हतं. कळलं तर आकडा वाचताना डोळा नकळत एका बाजूला झुकतो, असं म्हणतात. म्हणून ताईंनी टेबलावर कागद चिकटवला: 'व्यायाम कसा करता ते इथे सांगू नये. बाकी काहीही सांगावं.'

लोकांनी दुसरं वाक्य फारच मनावर घेतलं. मला बोटांपेक्षा सासवांची माहिती जास्त झाली.

माणसांची आणखी एक गंमत सांगतो. बोट वाकवायला सांगितलं की ती सगळ्या अंगाने वाकतात. खांदा वर जातो, जीभ बाहेर येते, भुवया एकमेकींना भेटतात. आणि ताई आकडा लिहायला खाली पाहू लागल्या, की दुसरा हात हळूच येऊन बोटाला ढकलतो. वर घासाघीस चालतेच. "पंचावन्न? साठ लिहा की, ताई! पाचाने तुमचं काय जातंय?" जणू मी शाळेतला मास्तर आणि नापास झालं की घरी बोलणी बसणार.

अशातच काचवाले मामा आले.

खिडक्यांना काचा बसवणारे, पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ. तडकलेली काच काढताना ती घसरली आणि उजव्या हाताची तर्जनी आतून कापली गेली. काच कापायच्या कटरवर दाब द्यायचा तो याच बोटाने. म्हणजे घर चालायचं ते याच बोटावर. मोठ्या डॉक्टरांनी दोरी शिवली, हाताला स्प्लिंटची पट्टी बांधली आणि बजावलं, "सहा आठवडे पट्टी काढायची नाही. बारा आठवडे काही उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही."

"बादली तशीही हीच उचलते," मामा म्हणाले. शेजारी बसलेल्या मामींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मामांचं बोट फार गुणी होतं. दुसऱ्या आठवड्यात मधला सांधा चाळीस अंश, चौथ्यात सत्तर. टोकाचा सांधाही मागोमाग येत होता. ताई मला त्यांच्या बोटावर ठेवायच्या, तेव्हा मलाही पुढे सरकायला मजा यायची. मामा बाहेर बाकावर बसून बाकीच्यांना बोट दाखवायचे. मामी म्हणायच्या, "एवढं तर लग्नातली अंगठीसुद्धा दाखवली नव्हती."

पाचव्या आठवड्यात मामा आले ते गप्प. पट्टी होती, पण तिचे बंद भलत्याच पद्धतीने बांधलेले.

"आज राहू द्या, ताई. जरा आखडलंय."

ताईंनी मला काढलं. मधला सांधा बासष्ट. मग मला टोकाच्या सांध्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "टोक वाकवा, मामा."

"वाकवतोय."

खांदा वर गेला, भुवया भेटल्या, चपलेतली बोटंसुद्धा आखडली. पण ते टोक काही हलेना. मी शून्यावर उभा. शून्यावर उभं राहणं मला कधीच इतकं जड गेलं नव्हतं.

"कधी झालं हे?" ताईंनी हळूच विचारलं.

"झोपेत असेल."

"झोपेत!" मामी उसळल्या. "हो, झोपेतच. काल दुपारी साडेबारा वाजता दुकानात उभ्या उभ्या झोपले होते हे. हातात आरसा घेऊन!"

मग सगळं बाहेर आलं. मामींचा भाऊ दुकानात मदतीला आला होता. बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, "भावोजी, तुम्ही आता आरामात बसा. काचा मी उचलतो." दुसऱ्या कुणी टोमणा मारला असता तर मामांनी हसून सोडून दिला असता. पण मेहुण्याने दाखवलेली दया त्यांना सहन झाली नाही. त्यांनी पट्टी काढली, दोन्ही हातांनी पुरुषभर उंचीचा आरसा उचलला आणि "बघ" म्हणाले. आत कुठेतरी टक् झालं. आरसा शाबूत राहिला.

"आवाज आला तेव्हाच कळलं मला," मामा खाली बघत म्हणाले. "पण म्हटलं, काचेचा असेल."

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा बोट उघडलं आणि तुटलेली दोरी पुन्हा शिवली. यावेळी ते कमी बोलले. सगळं पहिल्यापासून सुरू झालं. आणि दुसऱ्यांदा शिवलेलं बोट पहिल्यासारखं कधी होत नाही, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात अभ्यासाची बैठक झाली. मी खिशात असल्यामुळे आपोआप हजर होतो.

"काचवाल्यांना अभ्यासातून काढा," मोठे डॉक्टर म्हणाले. "सांगितलेलं ऐकलं नाही, पट्टी काढली, आरसा उचलला. यात आपल्या पद्धतीचा काय दोष? उगाच दुसऱ्या—"

"सांगू नका!" ताईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "गट सांगू नका. सोळा महिने जपलंय मी ते."

डॉक्टर थांबले. ताईंनी हात काढले.

"ते कुठल्या गटात आहेत ते मला माहीत नाही, म्हणूनच बोलते. ऐकलं नाही म्हणून एकेकाला काढत गेलो, तर शेवटी राहील कोण? सगळं ऐकणारे. तसे पेशंट उद्या कुठल्या डॉक्टरला मिळणार आहेत? बाहेर सगळी मामांसारखीच माणसं आहेत. आपली पद्धत त्यांच्या घरात, त्यांच्या मेहुण्यासमोर टिकते का, तेच तर बघायचंय."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताई, तुम्ही कधीतरी माझ्या बाजूने बोलाल का?"

"आत्ताही तुमच्याच बाजूने बोलतेय, डॉक्टर."

ते हसले नाहीत. पण त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'टेंडन तुटला. दुसरी शस्त्रक्रिया. अभ्यासात आहेत.' ते लिहिताना त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं, असं ताईंनी बाहेर आल्यावर कुणाला तरी सांगितलं.

मामांना मात्र वेगळीच काळजी. एकदा मामी औषधं आणायला गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, माझ्यामुळे तुमचा अभ्यास नापास झाला का हो?"

"अभ्यास नापास होत नसतो, मामा. त्याला जे झालं ते कळावं लागतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, हेच पुष्कळ."

मामांनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरचं हाडांचं चित्र फार लक्ष देऊन वाचलं.

मग महिने गेले. टोकाचा सांधा शून्य, शून्य, चार. नऊ. पुन्हा सात. मी काही करू शकत नव्हतो. माझं काम पाहायचं. बाकावर मामा आता बोट दाखवत नसत. नव्या पेशंटची पट्टी ढिली दिसली, की त्याच्याजवळ सरकून बसत आणि हळू आवाजात काहीतरी सांगत.

वर्ष झालं, शेवटच्या मोजणीचा दिवस उजाडला. ताई म्हणाल्या, "मामा, डावा हात मांडीखाली." मामांनी मुकाट्याने घातला. मी पेरावर बसलो. बोट वाकलं, थांबलं, अजून किंचित वाकलं.

"अठ्ठावीस."

"तीस लिहा की, ताई. दोनच अंश. ऐकायला बरं वाटतं."

खरं सांगतो, त्या दिवशी मलाही सरकावंसं वाटलं. रिवेट जुना झाला होता, कुणाला कळलंही नसतं. पण ताईंनी तीनदा मोजलं आणि मी तिन्ही वेळा अठ्ठावीसच दाखवलं.

"अठ्ठावीस तर अठ्ठावीस," मामी म्हणाल्या. "यात काच कापता येईल का, तेवढं सांगा."

"ते मीटरला सांगता येत नाही, मामी."

"येते की कापता," मामा बोलून गेले. "महिना झाला, कापतोय." दोन्ही बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं तशी त्यांनी घाईघाईने भर घातली, "उचलत नाही! उचलायला हिचा भाऊ असतो. मी फक्त रेघ मारतो."

मामी म्हणाल्या, "बघा. आणि मला वाटायचं, दोघं दुकानात पत्ते खेळतात."

पुढे कोण कुठल्या गटात, ती यादी सगळ्यांसमोर उघडली गेली. स्वतःच्या ताकदीने हलवलेली बोटं जास्त वाकत होती. मोठ्या डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. पण त्या गटात चार दोऱ्या तुटल्या होत्या, पहिल्या गटात एकच. त्या चारांत एक मामांची. डॉक्टरांनी दोन्ही आकडे सगळ्यांसमोर एकाच आवाजात वाचले. मग म्हणाले, "चारांपैकी तीन तुटल्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात. बोट बरं झालंसं वाटतं तेव्हा. आपण तेव्हा नुसतं बोट मोजतो, पेशंटला पुन्हा बजावत नाही. चूक आपली आहे."

आता बजावतात. चौथ्या आठवड्यात, घरच्या माणसासकट.

मी आता म्हातारा झालोय. माझे चाळिशीतले आकडे हात लागून लागून पुसट झालेत. विभागात नवं यंत्र आलंय, त्यावर आकडा लाल रंगात आपोआप उमटतो. त्याची बॅटरी संपली, की ताई खिशात हात घालतात. बॅटरी बऱ्याचदा संपते. ताई ती कधी बदलतात ते मी विचारत नाही.

तुमच्या बोटावर माझी पाळी कधी येऊ नये. आलीच, तर एक करा. श्वास रोखू नका, दुसऱ्या हाताला मदतीला बोलावू नका. जेवढं वाकतं तेवढंच दाखवा. मी मार्क देत नाही. कमी निघालं म्हणून लाजू नका. तुमचा खरा कमी आकडा, तुम्ही कधी न पाहिलेल्या एखाद्याचं बोट वाचवायला पुरतो. येतो आता. बाहेर एक शिंपीणबाई बसल्यात, आणि त्यांचा खांदा आत्तापासूनच वर जायला लागलाय.